थोरला फान दे फेल्दे की धाकटा?

डच समुद्रचित्रांचा अभ्यास थोरल्या विलेम फान दे फेल्देपासून (१६११–१६९३) सुरू करावा की त्याच्या मुलापासून (१६३३–१७०७), असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. अचूकतेत पिता सरस ठरतो. १६६६ च्या इंग्रज–डच ‘चार दिवसांच्या लढाई’त, म्हणजे समुद्रावरील युद्धात, त्याने लहान नौकेतून प्रत्यक्ष रेखाटने केली आणि चित्रफलकावर दिलेल्या पांढऱ्या अस्तरावर (रंगाच्या पायाथरावर) शाईने डोलकाठ्या, दोरखंड बारकाईने उतरवले, मात्र त्या पाण्याला रंग नाही. प्रकाश आणि ढग पुत्राचे. त्याच्या ‘तोफेचा बार’ या चित्रातला निश्चल समुद्र मला आजही खिळवून ठेवतो. १६७४ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने दोघांना प्रत्येकी वार्षिक १०० पौंड वेतन दिले, पित्याला रेखाटनांसाठी आणि पुत्राला ती रंगवण्यासाठी. जहाजाची रचना समजून घ्यायची असल्यास थोरला, आकाश रंगवायला शिकायचे असल्यास धाकटा निवडावा.