लाकडी बाणाला कुठलं पातं? नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतल्या मिशिगनमधलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा विषय बंद, तेव्हा तिकडच्या मंडळींनी नुसतं वाचायचं. इथे लायसन्स काढलं की १ ऑक्टोबरपासून धनुष्यानं हरीण मारता येतं. ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं शिकारीचं पातं, निदान ७/८ इंच रुंद हवं असा नियम आहे.

माझा रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, २८ इंच खेचल्यावर ४६ पौंडांचा. सीडरच्या दांड्या, टर्कीची पिसं. गेल्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून छिन्नीसारख्या टोकाची, बदलत्या ब्लेडची तीन पात्यांची ब्रॉडहेड घेतली होती. पाकिटातूनच धारदार, काही करायला नको. बाण लागला बरोबर जागी, पण वीतभर आत जाऊन अडकला. पलीकडे भोक नाही, म्हणून रक्ताचा माग नाही. रात्री साडेदहाला बॅटरीच्या उजेडात हरीण सापडलं, तोवर मी स्वतःला शिव्या घालून दमलो होतो. एका हरणावरून निकाल लावू नये हे मान्य. पण चाकांच्या कंपाऊंड धनुष्याकडे जोर उधळायला असतो, आपल्याकडे नसतो. आपल्या टोकानं कातडं फाडत नव्हे, टेकताक्षणी कापत आत जायला हवं. उघडणारी मेकॅनिकल पाती तर विचारातही घेऊ नका. पाती उघडण्यातच काही जोर खर्च.

म्हणून मार्चमध्ये तीन प्रकार आणले: झ्विकीचं दोन पात्यांचं एस्किमो (१२५ ग्रेन, म्हणजे जेमतेम आठ ग्रॅम), अखंड तीन पात्यांचं वुड्समन, आणि एक सिंगल बेव्हल, म्हणजे एकाच बाजूनं धार असलेलं. झ्विकी मिनेसोटातले, १९३८ पासून हेच करतात.

सिंगल बेव्हलचं आधी उरकतो. डॉ. एड अ‍ॅश्बींनी आफ्रिकेत केलेल्या चाचण्यांमुळे त्याचा बोलबाला. पातं आत जाताना फिरतं, हाडाला चीर पाडतं, जड बाण हवा, ६५० ग्रेनच्या वर, वगैरे. रानरेड्यासाठी असेल. धारेची बाजू आणि पिसांचा पीळ जुळवायचा, कोन सांभाळायला जिग, म्हणजे पातं धरायचा साचा, घ्यायचा, इतकं करून मिशिगनच्या हरणासाठी मला फरक दिसेना. डब्यात पडून आहे.

वुड्समन मला आवडलं. धार लावायला इतकं सोपं दुसरं नाही: दोन पाती कानशीवर सपाट टेकवायची आणि पुढे ढकलायचं, कोन आपोआप बसतो. पण माझ्या बाणांवर ते वीस यार्डांवर साध्या टोकापेक्षा वीतभर उजवीकडे जायचं. दोष पात्याचा नाही, दांडी लवचीक पडत होती. अर्धा इंच कापली, बरंचसं सरळ झालं.

एस्किमोत मात्र जीव रमला, आणि कारण रचनेपेक्षा पोलाद. ते कानशीला दाद देतं. पहिल्या दोन आठवड्यांत मी धार लावत नव्हतो, नुसता घासत होतो. मग शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्यानं दाखवलं: पात्यावर आधी काळ्या मार्करनं रेघ ओढायची, कानस फिरवायची, शाई कुठे उरली ते बघायचं. काठावर उलटलेली बारीक तार बोटाला लागली की बाजू बदलायची, शेवटी हलक्या हातानं ती तार काढायची आणि मग पातं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं. परीक्षा रबरबँडची. कपावर ताणून बसवायचा आणि पातं वजन न टाकता टेकवायचं. तुटला तर धार, सरकला तर परत कानस. आमच्या आईची विळी या परीक्षेत पास झाली असती.

बसवताना दोन गोष्टी. हॉट मेल्ट गोंदानं चिकटवल्यावर बाण टोकावर उभा करून भवऱ्यासारखा फिरवा. पात्याच्या बुडाशी डगमग दिसली तर गरम करून थोडं वळवून पुन्हा बसवा. माझ्या सहापैकी दोन तिसऱ्या खेपेला सरळ बसले. आणि हे पोलाद गंजतं. पावसात एक दिवस भात्यात राहिलं की नारिंगी ठिपके. खोबरेल लावून पाहिलं, पण हरणाच्या नाकाची भीती. आता बिनवासाचं व्हॅसलीन.

बसतो ग्रेलिंगजवळच्या रानात. प्रसिद्ध धनुर्धारी फ्रेड बेअरचा धनुष्यांचा कारखाना १९७८ पर्यंत तिथेच होता. त्याचं १९५६ चं रेझरहेड नावाचं पातं अजून कुणाकुणाच्या भात्यात दिसतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक मादी सोळा यार्डांवर आडवी आली. बाण ५४० ग्रेनचा, पाती एस्किमोची. आरपार. ती दचकली, सत्तरेक पावलं पळाली आणि झाडाआडून पडल्याचा आवाज आला. तरी अर्धा तास हललो नाही. बाण पलीकडे जमिनीत रुतला होता, पिसांवर गुलाबी फेस. फुप्फुस.

पात्याचं टोक खाली खड्यावर आपटून वळलं होतं. पक्कडीनं सरळ केलं, कानस मारली, रबरबँड तुटला. परत भात्यात आहे. १ जानेवारीपर्यंत मोसम चालू आहे आणि दुसरा टॅग, म्हणजे आणखी एका हरणाची परवाना-चिठ्ठी, अजून कोरा.