पालिकेचा स्टॉल की पालिकेचं अर्थसाहाय्य? दोन्ही करून पाहिलेल्याचं म्हणणं

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. दिव्यांगत्वाचं पिवळं कार्ड आहे, एका पायाला पोलिओ. "काका, स्टॉलसाठी अर्ज टाकू की स्वयंरोजगाराच्या अर्थसाहाय्यासाठी?" मी दोन्ही केलंय. आधी जवळजवळ सहा वर्षं स्टॉल चालवला, मग तो परत करून अर्थसाहाय्यातून झेरॉक्स मशीन घेतलं. फोनवर त्याला अर्धंच सांगता आलं, बाकीचं इथे लिहितो. माझं आयुष्य ठाणे आणि नवी मुंबई असं खाडीच्या दोन्ही तीरांवर गेलंय. स्टॉल कुठल्या बाजूला होता ते सांगत बसत नाही. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, कुठेही असता तरी गोष्ट फार वेगळी झाली असती असं वाटत नाही.

कागदपत्रांची यादी देत नाही, ती तुम्हाला पाठ असेल. एवढंच लक्षात ठेवा की हे उपकाराचे पैसे नव्हेत. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी ते ३ होते. म्हणजे पालिकेचं स्वतःचं उत्पन्न हजार कोटी असेल तर पन्नास कोटी बाजूला काढायचे. घोडबंदरला टॉवर वाढले, मालमत्ता कर वाढला की हा आकडा आपोआप फुगतो. शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्यवसायासाठी सवलतीच्या दराने जागा देताना ५ टक्के आरक्षणाची तरतूद आहे. तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने चेहरा पाडला तरी आपण मान खाली घालायचं कारण नाही.

आता स्टॉल. त्याची मोठी बाजू म्हणजे जागा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात काय किंवा स्टेशनच्या आसपास काय, माणसांच्या वाहत्या रांगेत सहा बाय चारचा तुकडा स्वतःच्या ऐपतीत मिळणं म्हणजे लॉटरीच. पहिल्या आठवड्यापासून गल्ला होता. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, सकाळी पाव. दिवसाला चौदा-पंधराशेची उलाढाल आणि हातात साधारण साडेतीनशे. पाऊस असला की कमी, परीक्षांच्या दिवसांत जास्त. दुसरी बाजू म्हणजे माणसं. घरात बसून वर्षानुवर्षं जे मिळालं नव्हतं ते तिथे महिन्याभरात मिळालं. लोक नावाने हाक मारायला लागले. हे पैशात मोजता येत नाही, पण निवड करताना विसरू नका.

जागा तुमची राहील याची मात्र खात्री नसते. रस्ता रुंदीकरण, गटाराचं काम, मेट्रो ४ चे खांब, काहीही आलं की स्टॉल हलतो. आणि हललेला स्टॉल कधी चांगल्या जागी जात नाही, एवढा माझा अनुभव.

पण मी स्टॉल सोडला तो या कशामुळेच नव्हे. सोडला शटरमुळे.

ऐकायला किरकोळ वाटेल. मी पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावतो. गुडघ्याजवळची कडी अडकवली की पाय सरळ, सोडली की दुमडतो. शटरचं कुलूप जमिनीलगत. म्हणजे आधी फूटपाथची नऊ इंची पायरी चढायची, कुबड्या भिंतीला टेकवायच्या, कडी सोडून खाली बसायचं, कुलूप काढायचं, पुन्हा कडी लावून उभं राहायचं, आणि मग दोन्ही हातांनी शटर डोक्यावर ढकलायचं. दोन्ही हात वर गेल्यावर मला धरणार कोण? स्टॉल दिव्यांगांसाठी, पाटीवर तसं ठळक लिहिलेलं. मधल्या काळात "अपंग" खोडून "दिव्यांग" असं नव्याने रंगवलंही. शटर होतं तेच राहिलं.

तर शटर उघडायला बायको यायची. रोज सकाळी सात वाजता. रात्री बाजूचा चहावाला खाली ओढून द्यायचा, भला माणूस. तो गावी गेला की रात्रीही बायको. बाजूने एक साधं दार पाडून द्या, असा अर्ज मी दिला. करारनाम्यात अट होती की मूळ ढाच्यात बदल करता येणार नाही. त्यासाठी परवानगी लागते, परवानगीसाठी पाहणी लागते, आणि पाहणीला येणारे साहेब आले तेव्हा शटर उघडंच होतं, त्यामुळे त्यांना अडचण दिसली नाही. यात कुणाचा दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. शटर ठरवताना कुणी खाली बसून पाहिलं नव्हतं, इतकंच.

मग एक दिवस बायकोला ऐरोलीच्या एका आयटी पार्कात कॅन्टीनचं काम चालून आलं. सकाळची पाळी, सहाला हजर. महिन्याचा पगार माझ्या स्टॉलच्या कमाईपेक्षा थोडा जास्तच. तिने नको म्हटलं. मला कारण सांगितलं नाही, पण मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. त्या रात्री मी हिशेब मांडला. स्टॉल मला साडेतीनशे देत होता आणि तिचे चारशे अडवून बसला होता. सहा महिन्यांत मी चावी परत केली.

अर्थसाहाय्याची गंमत उलटी आहे. सुरुवात रडकी. मला आधी कोटेशन द्यावं लागलं, मग जीएसटीचं पक्कं बिल, मग मशीनशेजारी उभं राहून फोटो. जुनं मशीन निम्म्या किमतीत मिळत होतं, ते नियमात बसलं नाही. रक्कम एकदाच मिळते, आणि टोनर, ड्रम, कागद यांचा खर्च कुणी देत नाही. घरातली पुढची खोली रस्त्याला लागून आहे म्हणून जमलं, चौथ्या मजल्यावर राहत असाल तर हा पर्याय कितपत चालेल याची मला शंका आहे. वीजमीटरचंही बघा, वापर एका मर्यादेपुढे गेला की घरातल्या दुकानाला घरगुती दर चालत नाही. पहिले तीन महिने दिवसाला शंभर-दीडशेवर गाडी सरकत नव्हती. जूनमध्ये शाळांचे प्रवेश सुरू झाले, दाखले, आधारच्या प्रती, ऑनलाइन अर्ज, तेव्हा कुठे चाक फिरलं. आता वर्षाची सरासरी काढली तर स्टॉलइतकंच पडतं, कदाचित थोडं कमी. माणसंही कमी भेटतात, ते खटकतं.

पण माझ्या दाराला कडी आहे, शटर नाही. सकाळी मी उठतो आणि उघडतो. बायको सव्वापाचला घर सोडते. ते काम नाही, पण तसंच दुसरं तिला मिळालं.

पालिकेच्या बाजूनेही एकदा बघू या, कारण हा निधी म्हणजे गळती, असा सूर कधी कधी ऐकू येतो. माझं मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलं, म्हणजे ते पैसे त्याच दिवशी शहराबाहेर गेले. स्टॉलचा पत्रा आणि वेल्डिंग मात्र वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात करून घेता येतं, तो पैसा इथेच फिरतो. या हिशेबात स्टॉल सरस. पण मशीन दुरुस्त करायला कळव्याचा पोरगा दर दोन महिन्यांनी येतो, कागदाचं रीम कोपऱ्यावरच्या दुकानातून येतं, आणि एक जास्तीचा पगार घरात आल्यावर तो कुठे खर्च होतो? याच बाजारात. माझ्या रांगेत सहा स्टॉल होते, त्यांपैकी दोनच मूळ धारक स्वतः चालवत होते. बाकीचे पोटभाड्याने दिलेले. लोक त्यांना लबाड म्हणतात. मी त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणेन की चारही जणांच्या स्टॉलला तेच शटर होतं.

खरी कमाई मला वाटतं प्रभाग समितीच्या कार्यालयांत आणि पालिकेच्या रुग्णालयांत आहे. तिथे झेरॉक्सची, अर्ज भरून देण्याची, चहाची गरज रोजची, रॅम्प तर कायद्याने करायचाच आहे, आणि शौचालय वीस पावलांवर. (रस्त्यावरच्या स्टॉलवर मी दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं होतं. का, ते समजून घ्या.) अशी आतली जागा निघाली तर माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि आधी तिथे अर्ज करा.

राज्याच्या दिव्यांग महामंडळाची फिरती वाहन दुकानंही आहेत, पण ती मी चालवलेली नाहीत.

एखाद्याच्या घरी रस्त्याला लागून खोली नसेल, हातात ताकद असेल, सोबतीला कुणी मोकळं असेल, तर स्टॉलला मी वाईट म्हणणार नाही. बाकीच्यांनी आधी अर्थसाहाय्याचा फॉर्म आणावा, असं मला आपलं वाटतं. आणि स्टॉलचं वाटपपत्र हातात आलंच, तर सही करण्याआधी एक दिवस चावी मागून घ्या. सकाळी सातला एकटेच जा आणि शटर उघडून बघा. त्या मुलालाही हेच सांगितलं. तो म्हणाला, "काका, एकटा कसा जाऊ, आईला घेऊन जातो."

मी म्हटलं, मग फॉर्म आण.