एक गॅलनचं बीअर किट: बरणी ठेवा, थर्मामीटर टाकून द्या

नवऱ्याने वाढदिवसाला बीअर बनवायचं किट दिलं. चूक माझीच, मी वर्षभर त्याच्यामागे भुणभुण लावली होती की इथे अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला चार पावलांवर ब्रुअरी, ऑफिसात लोक हॉप्सवर, म्हणजे बीअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांवर, तासतास बोलतात, आणि आपण घरी दही लावतो, इडलीचं पीठ आंबवतो, लोणचं घालतो, मग बीअर काय आभाळातून पडते का. त्याने मनावर घेतलं. ५० डॉलरचा खोका आला आणि आता तीन बॅच झाल्यावर रिव्ह्यू लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये, फक्त असा खोका घ्यायच्या आधी काय माहीत असायला हवं होतं ते सांगायचंय.

खोक्यात काय होतं तर एक गॅलनची, म्हणजे ३.८ लिटरची काचेची बरणी, तिचं भोकवालं रबरी बूच, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडतो, बाहेरची हवा आत घेत नाही), एक वाकडी प्लास्टिकची नळी आणि तिला जोडायचा पाइप, थर्मामीटर, सॅनिटायझरची पुडी, दळलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) पिशवी, हॉप्सच्या दोन पुड्या, यीस्टची पुडी आणि एक घडी घातलेला कागद. बाटल्या नाहीत, झाकणं नाहीत, झाकणं बसवायचं यंत्र नाही. साखर किती उरली ते सांगणारा हायड्रोमीटर पण नाही, आणि त्याच्यावाचून माझं काय झालं ते पुढे येईलच. खोक्यावर लिहिलंय 'सगळं काही आत'. हो का.

बरणी मात्र एक नंबर. जाड काच, बोट अडकवायला कान, आणि सगळ्यात भारी म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. पिशवी फोडली आणि माल्टचा वास आला तेव्हा मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले, कारण हा वास मला माहितीये, लहानपणी आजी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करायची त्याच्या जवळचा वास. आणि प्रकारही तोच आहे! धान्याला मोड आला की त्यात एन्झाइम तयार होतात, ते स्टार्चची साखर करतात, म्हणून सत्त्व गोडसर लागतं. इथे नाचणीच्या जागी बार्ली, आणि ती साखर बाळाऐवजी यीस्ट खातं, एवढाच काय तो फरक.

कामाचा पहिला भाग म्हणजे हे माल्ट साधारण ६५ ते ६७ सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं. अमेरिकन कागदावर अर्थात सगळं फॅरनहाइटमध्ये, १५२ वगैरे. मी तासभर पातेल्याशेजारी थर्मामीटर घेऊन उभी, जरा खाली आलं की गॅस... गॅस कसला, आमच्याकडे इलेक्ट्रिक कॉइलची शेगडी, ती तापायला पाच मिनिटं घेते आणि निवायला दहा. मग चाळणीवर ओतून गाळायचं, वरून गरम पाणी घालून चोथ्यातली उरलेली साखर धुवून घ्यायची. खाली जे जमतं ते वर्ट, चहाच्या रंगाचं आणि भयंकर गोड.

मग ते तासभर उकळायचं. इथे कागदावर एक ओळ होती, 'उकळी येताना लक्ष ठेवा'. अरे बाबा, हे दुधासारखं उतू जातं हे लिही ना सरळ! मी हॉप्सची पुडी कापायला कात्री शोधत वळले तेवढ्यात फेस सर्रकन वर आला आणि अर्धा लिटर तरी कॉइलवर. जळक्या साखरेचा धूर, स्मोक अलार्म कोकलतोय, नवरा टॉवेलने वारा घालतोय. दूध तापवायचा आयुष्यभराचा अनुभव असणाऱ्या बाईचं हे झालं. आता मोठं पातेलं घेते आणि उकळी फुटली की पातेलंच उचलून बाजूला धरते, कारण कॉइल बंद करून काही उपयोग नसतो.

पुडीतले हॉप्स दळून गोळ्या केलेले, दिसायला अगदी शेळीच्या लेंड्या, हिरव्या. पण वास! माझ्या पुडीत कॅस्केड होते आणि बोटात चुरडले तर सरळ पपनसाच्या सालीचा वास. हे वाण इथलंच, कॉर्व्हालिसच्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतलं, १९७२ मध्ये बाहेर आलं. अमेरिकन पेल एल नावाच्या बीअरमध्ये जो तो लिंबूवर्गीय वास येतो ना, त्यात याचा मोठा हात आहे. सुरुवातीला टाकले तर कडूपणा देतात, शेवटच्या पाच मिनिटांत टाकले तर वास राहतो. फोडणीत टाकलेला कढीपत्ता आणि वरून घातलेली कोथिंबीर, तसंच.

मग सिंकमध्ये बर्फ भरून पातेलं गार करायचं, कोमट सोडा, चांगलं वीस सेल्सिअसपर्यंत आणायचं आणि मगच यीस्ट. विरजण लावताना दूध कडकडीत असलं तर काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि उकळल्यानंतर या वर्टला जे जे लागेल, नळी, बूच, बरणी, चमचा, ते सगळं सॅनिटाइझ केलेलं हवं. इथे मला लोणच्याची बरणी आठवली, 'ओला हात लावू नकोस गं' ऐकत मोठी झालेय, त्यामुळे हा भाग मला सोपा गेला. तरी किटमधली पुडी एकाच वेळेला पुरते. नंतर स्टार सॅन नावाचं सॅनिटायझर घेतलं, एका लिटरला दीड मिली, दोन मिनिटं भिजवायचं आणि धुवायचं नाही. फेस राहिला तरी चालतो, यावर माझा विश्वास बसायला तीन बॅच लागल्या.

बरणी कोटाच्या कपाटात ठेवली, अंधार हवा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून गुडुप गुडुप आवाज. जॅकेट काढायला गेलेला नवरा दचकला. पहिले तीन दिवस एअरलॉक न लावता बुचातून पाइप काढून पाण्याच्या भांड्यात सोडायचा असतो, कारण फेस वर चढतो, हे कागदावर होतं, त्याबद्दल कंपनीचे आभार.

आता मुख्य तक्रार. कागद म्हणतो दोन आठवड्यांनी बाटलीत भरा. बस, दोन आठवडे, कॅलेंडर बघा आणि भरा. जानेवारी महिना, आमचं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून, आत १५ डिग्रीच्या आसपास, एवढ्या थंडीत यीस्ट पेंगतं. मी आज्ञाधारक मुलीसारखी चौदाव्या दिवशी भरून मोकळी. त्यात बाटलीत गॅस व्हावा म्हणून वरून घालायची साखर किती तर 'चमचे' लिहिलेत, ग्रॅम नाहीत, आणि माझा चमचा शिगोशिग. अजून दोन आठवड्यांनी मित्रमंडळी बोलावली, काजू भाजले, पहिली बाटली उघडली आणि बीअर बाटलीतून निघून थेट छताला. अर्धी बाटली फेस, उरलेली टेबलावर. दुसरी सिंकमध्ये उघडली, तीच गत. म्हणजे बरणीत राहिलेली साखर अधिक माझी शिगोशिग साखर, सगळ्याचा गॅस बंद बाटलीत. छतावर पिवळा डाग अजून आहे, घरमालकाला दिसू नये अशी प्रार्थना. नशीब बाटली फुटली नाही, कारण काच फुटून लोकांना इजा होते आणि हे असल्या कागदावर ठळक अक्षरात हवं. राहिलेल्या सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये गार केल्या आणि हातमोजे घालून एकेक उघडून ओतून दिल्या.

जे काही प्यायला मिळालं ते पातळ होतं आणि त्याला दवाखान्यासारखा वास होता. पातळ का, त्याचा शोध मार्चमध्ये लागला, जेव्हा मी थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि त्याने ३९ फॅरनहाइट दाखवलं. ३२ दाखवायला हवं. सात डिग्री! म्हणजे मी १५२ समजत होते ते खरं १४५ होतं, तेवढ्या तापमानाला यीस्टला सगळी पचेल अशीच साखर जास्त बनते, बीअरला अंग राहत नाही.

दवाखान्याच्या वासाचं उत्तर दुकानात मिळालं. इथे एफ. एच. स्टाइनबार्ट म्हणून होमब्रूइंगचं, म्हणजे घरी बीअर करायच्या सामानाचं दुकान आहे, १९१८ पासूनचं, म्हणजे अमेरिकेत दारूबंदी यायच्याही आधीपासूनचं. काउंटरवरच्या काकांना वास सांगितला तर ते लगेच म्हणाले नळाचं पाणी वापरलंस ना. पोर्टलंडला बुल रन नदीच्या खोऱ्यातलं पाणी येतं, मऊ, पिण्याला गोड, पण त्यात क्लोरीनबरोबर अमोनियाही घालतात, म्हणजे क्लोरामाइन, ते नुसतं उकळून पटकन जात नाही आणि बीअरमध्ये बँडेजसारखा वास सोडतं. उपाय काय तर कॅम्पडेनची, म्हणजे क्लोरामाइन मारणारी सल्फाइटची, पाव गोळी चुरून पाण्यात. झालं. तीन पैशांची गोळी.

तिथूनच मग दुसऱ्या बॅचचं सामान सुटं घेतलं. ९०० ग्रॅम टू-रो (हे मुख्य, साधं बार्ली माल्ट), १०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट (रंग आणि गोडव्यासाठी), समोर दळून दिलं. कॅस्केड घेतले, त्यातले ७ ग्रॅम तासभराच्या उकळीच्या सुरुवातीला आणि ७ ग्रॅम शेवटी टाकले. यीस्ट सॅफएल यूएस-०५, त्याची साडेअकरा ग्रॅमची पुडी वीस लिटरसाठी असते, मी अर्धी टाकली तरी भरपूर. आणि एक हायड्रोमीटर. धान्य, हॉप्स, यीस्ट मिळून १२-१३ डॉलर. बीअर मिळते नऊ बाटल्या, तेव्हा पैसे वाचवायला कोणी हे करणार असाल तर राहू द्या, रविवारचे पाच तास धरले तर दुकानातलीच स्वस्त.

हायड्रोमीटर म्हणजे काचेचा भोवरा, साखर जास्त तर वर तरंगतो. त्यावर घनता वाचायची, नुसतं पाणी म्हणजे १.०००. सुरुवातीला १.०५० आलं, दोन आठवड्यांनी १.०१०, तीन दिवसांनी परत बघितलं तरी १.०१०, म्हणजे यीस्टचं खाऊन झालं, आता भरायचं. दोन्हीतला फरक १३१ ने गुणला की अल्कोहोल, सव्वापाच टक्के. एक गॅलनमधून दर वेळी अर्धा कप काढायचा म्हणजे जिवावर येतं, पण ते परत ओतायचं नाही, प्यायचं. साखर या वेळी किचनच्या काट्यावर, लिटरला ६ ग्रॅम.

बाटल्या मित्रांकडून मागितल्या. ओरेगनमध्ये रिकामी बाटली परत केली की १० सेंट मिळतात, तेव्हा कोणी तुम्हाला नऊ बाटल्या दिल्या तर त्याने ९० सेंटचा त्याग केलाय हे लक्षात ठेवा. तपकिरीच घ्या, हिरव्या आणि पांढऱ्यांत उजेडाने वास बिघडतो, आणि फिरकीच्या झाकणाच्या घेऊ नका, त्यावर नवीन झाकण नीट बसत नाही.

मे महिन्यात ही बॅच चालू असताना सासूबाई सांगलीहून आलेल्या. त्यांनी कोट ठेवायला कपाट उघडलं. "अगं, हे काय गुडगुडतंय?" मी खरं सांगितलं. त्या खाली बसल्या, बरणीकडे बघितलं, एअरलॉकला नाक लावलं आणि म्हणाल्या, "घट्ट बूच नाही लावलंस ते बरं केलंस." बाकी एक शब्द नाही. पण फ्रीजमधला दीड-दोन किलो चोथा बघून मात्र त्या हळहळल्या, एवढं धान्य टाकायचं? मिक्सरमधून काढला, ज्वारीचं पीठ, कांदा, मिरची, तीळ घालून थालीपीठं. चव खमंग, पण तुसं दातात अडकतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी चोथा वाळवून दळला, चाळला आणि भाजणीत मुठीमुठीने मिसळला, ते मात्र झकास झालं.

ती बीअर चांगली झाली. ग्रेट नाही, चांगली. फेस दोन बोटं, टिकला. नवरा म्हणाला दुकानातल्यासारखी लागते, यावर रागवायचं की खूश व्हायचं कळलं नाही. तिसरी बॅच ऑगस्टमध्ये, घरात एसी नाही, बरणी टबात पाण्यात ठेवून वर ओला पंचा, आपल्या माठासारखं. निभावलं.

पुण्याचा भाऊ म्हणतो असं एक किट मला पाठव. नाही पाठवणार. इथे १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हापासून घरापुरती बीअर करायला मोकळीक आहे, एका माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन मोठी माणसं असतील तर २००. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बनवणं गुन्हा, मग ती चार लिटर का असेना.

तर किटला पाचपैकी तीन. दोन बरणीचे, एक नवऱ्याचा. तुमच्या गावात होमब्रूचं दुकान असेल तर खोका घेऊच नका, बरणी, बूच, एअरलॉक, पाइप सुटे घ्या, उरलेल्या पैशात हायड्रोमीटर आणि झाकणं बसवायचं यंत्र बसेल. दुकान नसेल तर घ्या खोका, पण कागदातल्या दोन आठवड्यांवर विश्वास ठेवू नका. आणि कोणाला थर्मामीटर हवा असेल तर माझ्याकडे एक पडलाय, फुकट नेऊ शकता, फक्त सात वजा करून वाचा.