टेस्ट दिली पाइप फिटरची, कागदावर निघालो हेल्पर

तळोजा, पाताळगंगा, लोटे इथल्या कारखान्यांत शटडाउनची (प्लांट बंद ठेवून दुरुस्तीची) कामं करणाऱ्या फिटर-वेल्डर पोरांसाठी हे लिहितोय. दुबईचं बोलावणं आलं की पगाराचा आकडा नंतर ऐका, आधी ऑफर लेटर हातात घ्या.

माझी ट्रेड टेस्ट (हातच्या कामाची परीक्षा) अगदी खरी झाली. आयसोमेट्रिक ड्रॉइंग (पाइपलाइनचा त्रिमितीय नकाशा) दिलं, सहा इंची पाइपला एल्बो (वळणाचा तुकडा) आणि फ्लॅन्ज (बोल्टने जोडायची भोकांची चकती) जुळवायला सांगितलं. रूट गॅप (वेल्डिंगसाठी दोन तोंडांत सोडायची फट) राखला, फ्लॅन्जच्या वरच्या दोन भोकांवर लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आणला. तपासणारा माणूस जाणकार होता, त्यामुळे पुढच्या गोष्टींचा संशयच आला नाही. एजंटने 2,400 दिरहम पगार सांगितला आणि 90 हजार रुपये घेतले. पावती मात्र 30 हजारांची. कारण आपल्याकडच्या कायद्याने नोंदणीकृत एजंटला 30 हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. वरचे सगळे रोख.

मी दहावी पास, म्हणून पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी क्लिअरन्स लागत नाही. त्याचाच फायदा घेऊन मला व्हिजिट व्हिसावर पाठवलं. करार तिकडे गेल्यावर पुढे आला. पद हेल्पर, बेसिक (मूळ पगार) 800 दिरहम. काम मात्र फिटरचंच, स्पूल (आधीच जोडून तयार केलेले पाइपचे भाग) जुळवायचं. ओव्हरटाइम बेसिकवर सव्वापट मिळतो, ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकवरच. म्हणजे बेसिक पाडलं की सगळंच पडतं. ओव्हरटाइम धरूनही निम्मा पगार हातात यायचा. शिवाय अनुभवाच्या दाखल्यावर हेल्पर लिहिलं गेलं. पुढची कंपनी त्यावरूनच दर ठरवते. पैशापेक्षा हे जास्त लागलं.

यूएईत भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला कायद्याने बंदी आहे. तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर हिंदीतही मिळतं. निघण्याआधी त्यावर पद आणि बेसिक बघा. एजंटचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. व्हिजिट व्हिसा म्हटला की तिथेच उठा.

परत आल्यावर पोलिसांत आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीचं सरकारी कार्यालय) तक्रार दिली आहे. अडलंय ते 60 हजारांवर, कारण रोख दिल्याचा पुरावा नाही. पैसे द्यायचेच झाले तर बँकेतूनच द्या, आणि पावतीवर पूर्ण रक्कम लिहून घेतल्याशिवाय पासपोर्ट त्यांच्या हातात देऊ नका.