गोव्यात विकलं जाणारं पंचांगवालं कॅलेंडर, 2026: चवथ नेमकी, लीप वर्ष अर्धवट

पणजी, म्हापसा, मडगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारं हे भिंतीवरचं कॅलेंडर घेण्यासारखं आहे. चवथ (गणेश चतुर्थी), शिगमो (गोव्यातला होळीचा उत्सव), फेस्तं (चर्चचे उत्सव), सरकारी सुट्ट्या सगळं एकाच पानावर आहे आणि अक्षर लांबूनही वाचता येतं. मात्र दोन चुका ठाऊक असू द्याव्यात.

आधी चांगलं. 17 मे ते 15 जून या अधिक ज्येष्ठाच्या चौकटी वेगळ्या रंगात आहेत आणि तिथेच कारणही दिलंय. बारा चांद्रमासांचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, सौर वर्षापेक्षा जवळजवळ 11 दिवसांनी तोकडं. म्हणून चवथ 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला आली. तशीच सरकत राहिली तर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीची, फळं धरायच्या आतच चवथ येईल. यंदा अधिक महिना मध्ये पडल्याने ती 14 सप्टेंबरला आहे. 19 वर्षांत असे 7 महिने घातले की हिशेब जुळतो.

संक्रांतीची वेळही छापलीय, हे फार कमी कॅलेंडरांत दिसतं: 14 जानेवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास. 2025 मध्ये ती सकाळी नऊला होती. दरवर्षी सहा तास आणि वर थोडी मिनिटं पुढे, आणि 29 फेब्रुवारी आला की पुन्हा मागे. लीप वर्ष का लागतं ते या एका नोंदीत दिसतं.

पण शेवटच्या पानावर 'दर चार वर्षांनी लीप वर्ष' एवढंच लिहून विषय संपवलाय. ऋतूंचं वर्ष 365 दिवस 5 तास 48 मिनिटं 46 सेकंदांचं असतं. ते सरळ सहा तास धरले तर वर्षाला सव्वाअकरा मिनिटं जास्त होतात आणि सुमारे 128 वर्षांत एक दिवस चुकतो. ही चूक साचून ईस्टरचा हिशेब ढळला, म्हणून 1582 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले. पोर्तुगालने ते लगेच मानलं; तिथे 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 उजाडला. तेव्हापासून शतकवर्षाला 400 ने भाग गेला तरच ते लीप: 2000 होतं, 1900 नव्हतं, 2100 नसेल. ज्या गोव्यात कार्निव्हलची तारीखसुद्धा ईस्टरवरून मागे मोजून ठरते, तिथल्या कॅलेंडरात ही ओळ हवीच होती.

दुसरी चूक रोजच्या वापरातली. सूर्योदय मुंबईचे छापलेत. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य सातच्या पुढे उगवतो, पणजीत सुमारे दहा मिनिटं आधी. जूनमध्ये उलट, पणजीत दोन-तीन मिनिटं उशिरा. सूर्योदयाला चालू असलेली तिथी ती त्या दिवसाची. त्यामुळे तिथी या दहा मिनिटांत संपत असेल तर गोव्यात दिवसाची तिथीच वेगळी येते. एकादशीचा उपास ठरवताना तिथी सकाळी सहा ते सव्वासातच्या दरम्यान संपत असेल, तर पणजीचा सूर्योदय वेगळा पाहावा. संकष्टीच्या चंद्रोदयालाही हेच लागू.

विकत घेताना पहिल्या पानाच्या तळाशी गणिताचं शहर छापलेलं असतं, ते आधी वाचा. तिथे पणजी असलेलं कॅलेंडर मिळालं, तर छपाई थोडी फिकी असली तरी तेच घ्या.