ई-मुलाखत: येरवड्यात माणूस असलेल्यांसाठी

ई-मुलाखत म्हणजे बंद्याच्या भेटीसाठीची सरकारी ऑनलाइन सेवा. नोंदणी सोपी: राज्य, कारागृह, बंद्याचं नि वडिलांचं नाव, ओटीपी. अडतं ते नावावर. घरी 'बाळू' असला तरी वॉरंटवर, म्हणजे त्याला तुरुंगात धाडणाऱ्या न्यायालयाच्या आदेशावर, 'बाळासाहेब' असेल, तर तेच टाका.

बराकीत मोबाइल सापडून आतली चौकशी लागली, की त्याबद्दल ही सेवा काहीच सांगत नाही. दोषी ठरल्यास माफीचे दिवस (शिक्षेत मिळालेली सूट) कापतात, सुटकेची तारीख पुढे जाते. अशा वेळी अधीक्षकांच्या नावे दोन प्रतींत अर्ज द्या: आरोप काय, खुलासा घेतला का, किती दिवस कापले? आपल्या प्रतीवर आवक शिक्का हवाच. तोंडी उत्तर वकिलाच्या काही कामाचं नाही. सुनील बत्रा खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९७९च्या निकालानुसार अशा शिक्षेला सत्र न्यायाधीशांची पडताळणी लागते; तातडीत दिली, तर कारागृहाने त्यांना दोन दिवसांत कळवायचं. वकील परवडत नसेल, तर शिवाजीनगर न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण गाठा.