फांद्या छाटायची परवानगी: पालिकेची सेवा कुठे कामाची, कुठे तोकडी

शेजाऱ्याच्या पत्र्यावर कडुलिंबाची फांदी टेकली की लोक आधी कुऱ्हाड शोधतात. शहरी हद्दीत हे महागात पडतं. १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ या व्याख्येतच कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं येतं. झाड आपल्याच अंगणातलं असलं तरी. म्हणून संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर, जालन्यात महापालिकेकडे आणि बीड-धाराशिव-हिंगोलीत नगरपालिकेकडे वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करावा लागतो.

ही सेवा वाईट नाही. पण तुमचा अर्ज जितका नेमका, तितकीच ती कामाची. ‘झाडाच्या फांद्या शेजाऱ्यांना त्रासदायक, छाटून मिळाव्यात’ एवढंच लिहिलं तर पाहणीला आलेला माणूस वर बघतो, ‘छाटणी करावी’ असा शेरा मारतो आणि आदेशही तसाच मोघम निघतो. मग भांडण लागतं ते कापताना. शेजाऱ्याला अख्खी बाजू साफ हवी असते, तुम्हाला एकच फांदी.

त्यापेक्षा असं लिहा: ‘कडुलिंब, बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला १४० सें.मी.; पूर्वेची फांदी, जमिनीपासून अंदाजे १२ फुटांवर फुटलेली, बुडाशी घेर ४० सें.मी.; शेजारच्या गच्चीच्या कठड्याला घासते.’ त्या फांदीला खडूने खूण करा, जवळून आणि लांबून असे दोन फोटो जोडा. जागेच्या मालकीचा कागद, आणि जमलं तर शेजाऱ्याची सही. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि फांद्यांची संख्या पंचनाम्यात लिहून घ्या; या सगळ्या सेवेत खरी किंमत या पाहणीलाच आहे. वड-पिंपळ जुना असेल तर आणखी जपून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं.

सेवा तोकडी पडते ती कशी कापायचं यात. ते आदेशात क्वचितच असतं आणि झाड तिथेच मरतं. वरून एकाच घावात जड फांदी तोडली की ती आपल्या वजनाने मोडते आणि बुंध्याची साल हातभर सोलून खाली आणते. त्या उघड्या लाकडात पाणी मुरतं, बुरशी शिरते. म्हणून करवतीने तीन काप. पहिला बुंध्यापासून फूटभर लांब, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी इथे गळते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा, पण फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कड शाबूत ठेवून. जखम त्या कडेतूनच भरते. खुंट लांब ठेवला तर कुजतो, बुंध्याला सपाट घासून कापला तर जखम भरत नाही. ऑइलपेंट, डांबर काही लावू नका.

एका वेळी झाडाचा पाव हिश्श्याहून जास्त पाला काढू नये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडी पडलेली साल भाजते आणि तडकते, शिवाय ऐन उन्हाळ्यात सावली जाते ती दोन्ही घरांची. घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. विजेची तार जवळून जात असेल तर आधी महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्या, मगच माणूस झाडावर चढवा. आणि आदेशाची प्रत त्या दिवशी झाडाखाली असू द्या. कुणी अडवलं तर फांदीवरची खूण आणि पंचनाम्यातली संख्या तिथेच जुळवून दाखवता येते.